प्रिंटरमधून कलर येतोय, ब्लॅकच येत नाही

जूनचा दुसरा आठवडा लागला की आमच्या जळगावच्या काउंटरवर दिवसातून चारदा एकच वाक्य कानावर पडतं : "भाऊ, कलर येतोय, ब्लॅकच येत नाही." एप्रिल-मे मंडळी लग्नांना, गावी. घर बंद, बाहेर पारा ४४ वर आणि प्रिंटर कोपऱ्यात धूळ खात. शाळा उघडते, कुणाला दाखल्याची झेरॉक्स लागते, कुणाला सातबारा, कुणाला प्रवेशाचा फॉर्म, आणि नेमकं तेव्हाच काळं रुसतं. हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता मशीन बघण्याआधी छापलेलं पान मागतो. अर्धं निदान पानावरच असतं.

म्हणून आधी लक्षणं. "ब्लॅक येत नाही" या एका तक्रारीखाली बरेच वेगवेगळे आजार लपलेले असतात. पान उजेडात धरा आणि यातलं तुमचं कोणतं ते ठरवा.

- पान कोरंच बाहेर येतं, किंवा लोगो-फोटो रंगीत छान येतात आणि मजकुराची जागा रिकामी.
- काळं येतं, पण अक्षरांमधून आडव्या पांढऱ्या रेघा जातात.
- काळं दिसतं, पण त्यात तपकिरी किंवा हिरवट झाक असते.
- पानाची सुरुवात गडद, खाली येता येता फिकट, शेवटच्या ओळी गायब.
- क्लीनिंग केलं की दोन पानं झकास, तिसऱ्यापासून पुन्हा तेच.
- झेरॉक्स काळीभोर येते, कम्प्युटरवरून दिलेली प्रिंट मात्र येत नाही.

खाली जे सांगतोय ते शाईच्या प्रिंटरचं, म्हणजे कार्ट्रिजच्या इंकजेटचं आणि बाटलीने टाकीत शाई भरायच्या इंक टँकचं. तुमचा लेझर असेल तर घरी करण्यासारखं फार थोडं आहे : टोनर कार्ट्रिज (काळ्या पावडरचा डबा) काढा, आडवं धरून चार-पाच वेळा हलवा, नवं असेल तर त्याची सीलपट्टी पूर्ण ओढली आहे का बघा. तरीही कोरं पान आलं तर मेकॅनिककडे. ड्रमला बोट लावू नका आणि तो उन्हातही ठेवू नका.

आणखी एक, अगदी आधी. मशीन वॉरंटीत असेल तर सेटिंग, शाईची पातळी आणि बटणावरचं क्लीनिंग एवढंच करा. त्यापुढे कंपनीच्या टोल फ्रीला फोन. आत हात घालून मग "आम्ही काहीच केलं नाही" म्हणणारे रोज भेटतात, आणि उघडलेलं मशीन ओळखायला मेकॅनिकला एक मिनिटही लागत नाही.

पैसा न लागणारी पहिली तपासणी : झेरॉक्स

स्कॅनरच्या काचेवर वर्तमानपत्राचं पान ठेवा आणि ब्लॅक कॉपीचं बटण दाबा. यात कम्प्युटर, मोबाइल, वायफाय कुणाचाच संबंध येत नाही. कॉपी काळी आली म्हणजे शाई, नळ्या, हेड (कागदावर शाई उडवणारा भाग) सगळं ठीक आहे आणि दोष कम्प्युटरच्या बाजूला आहे. एवढं न बघता लोक थेट क्लीनिंग सुरू करतात आणि चांगली शाई गटारात घालतात.

कॉपीतही काळं आलं नाही, किंवा मशीनला स्कॅनरच नसेल, तर नोझल चेक काढा. नोझल म्हणजे हेडवरची शाईची बारीक भोकं. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनन्सच्या पानावर तो असतो. काही कंपन्या त्याला टेस्ट पॅटर्न किंवा प्रिंट क्वालिटी रिपोर्ट म्हणतात. चारही रंगांच्या बारीक रेघांच्या जाळ्या छापून येतात. काळी जाळी पूर्ण, एकही तुकडा गायब नाही? मग हेड निर्दोष आहे, त्याला त्रास देऊ नका. तुकडे गायब असतील तर त्या पानावर तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवा. पुढे हेच पान कामाला येणार आहे.

सेटिंग

शेजारच्या कॉलनीतल्या एका शिक्षिकेचा प्रिंटर महिनाभर तपकिरी अक्षरं काढत होता. ताईंनी घरीच सात वेळा क्लीनिंग केलं, नवी काळी बाटली आणली, फरक शून्य. मी नोझल चेक काढला तर काळं अगदी पूर्ण! कारण निघालं ते असं : मुलाच्या वाढदिवसाला ग्लॉसी कागदावर फोटो काढले होते आणि पेपर टाइप तेव्हापासून फोटो पेपरवरच राहिला होता.

हे का होतं ते कळलं की विसरायचं नाही. बऱ्याच घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिग्मेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. कॅननच्या जी-मालिकेतले बहुतेक आणि एचपीचे इंक टँक याच जातीचे. डाय म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला रंग. पिग्मेंट म्हणजे द्रवात तरंगत ठेवलेले बारीक घन कण. साध्या कागदावर ते कण धाग्यांत बसतात आणि अक्षर ठसठशीत येतं, पण ग्लॉसी कागदाच्या लेपावर नीट धरत नाहीत. म्हणून फोटो पेपर निवडला की मशीन काळ्या शाईला हातच लावत नाही. तिन्ही रंग एकत्र करून काळं बनवतं, आणि ते तपकिरी नाहीतर हिरवट दिसतं. पेपर टाइप प्लेन केला की संपलं. ताईंनी मला चहा पाजला, पण सात क्लीनिंगची शाई काही परत आली नाही.

सेटिंगमध्ये आणखी दोनच गोष्टी. विंडोज कधी कधी कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतं. तसं असेल तर प्रिंटर काढून टाका आणि कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून मूळ ड्रायव्हर घ्या. आणि एखादीच पीडीएफ फिकट येत असेल तर त्या फाइलमधला मजकूरच करड्या रंगाचा असू शकतो. दुसरी फाइल छापून बघा.

शाई डोळ्यांनी बघा

पडद्यावर दिसणारी शाईची पातळी बहुतेक टँक प्रिंटरांत अंदाजाची असते. किती थेंब उडवले याचा हिशेब ठेवून मशीन ती दाखवतं, टाकीत डोकावून नाही. बाटली भरल्यावर कुणी "भरली" हे बटण दाबलं नसेल, किंवा अर्धीच भरून दाबलं असेल, तर हिशेब चुकलेलाच. मोबाइलचा टॉर्च टाकीच्या बाजूने मारा. काळी शाई टाकीच्या भिंतीला चिकटून राहते, त्यामुळे रिकामी टाकीही भरल्यासारखी दिसते. मशीन किंचित हलवलं की खरी पातळी हलताना दिसते.

शाई खालच्या रेघेच्या खाली गेली असेल तर नळीत हवा गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा आधी भरा, मगच पुढचं काही करा. विहिरीला पाणी नसताना मोटर चालू केली तर पंप हवाच ओढतो. इथंही तेच.

कार्ट्रिजवाल्यांनी नव्या कार्ट्रिजची पट्टी काढली आहे का ते बघा. हसू नका. नोझलवरची पारदर्शक पट्टी तशीच ठेवून बसवलेली कार्ट्रिजं वर्षाला पाच-सहा तरी माझ्याकडे येतात.

आणि शाई कोणती भरली? काळी म्हणजे सगळी एकच असं नसतं. पिग्मेंटच्या टाकीत स्वस्तातली डाय ओतली, किंवा उलट केलं, तर दोन्ही मिसळून गाठी होऊ शकतात. दुसरी शाई भरल्यावर आठवड्याभरात काळं गेलं असेल तर इथंच थांबा. क्लीनिंग केलंत तर ती गाठ नळीतून ओढून हेडपर्यंत न्याल. टाकी आणि नळी धुऊन घ्यावी लागेल, ते घरी जमत नाही.

काळंच का अडतं, आणि बोर्डावरच्या बटणाचा गुन्हा

काळं दोन उलट कारणांनी जातं. एक, तेच सगळ्यात जास्त वापरलं जातं, आधी संपतं आणि नळीत हवा शिरते. दोन, काही घरांत ते अजिबात वापरलं जात नाही. मुलांचे रंगीत प्रोजेक्ट, फोटो, सगळं ग्लॉसीवर. मग पिग्मेंटचे कण नोझलच्या तोंडाशी सुकून बसतात. नोझलचं भोक माणसाच्या केसापेक्षा बारीक असतं, तिथं बुच बसायला कितीसा वेळ?

पण माझ्याकडे येणाऱ्या सुकलेल्या हेडांचं मोठं कारण वेगळंच आहे. तुम्ही प्रिंटर कुठून बंद करता? आपल्याकडे रात्री झोपताना टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं बोर्डावरून बंद करायची शिस्त. सवय चांगलीच, पण प्रिंटरसाठी घातक. मशीनचं स्वतःचं बटण दाबलं की हेड उजवीकडच्या रबरी टोपीवर जाऊन बसतं, आणि नंतर मशीन बंद होतं. ती टोपी म्हणजे पेनाचं टोपण. छपाई चालू असताना किंवा नुकती संपताना बोर्डावरून वीज तोडली तर हेड वाटेत उघडंच राहू शकतं. उघडं पेन मे महिन्यात जळगावात महिनाभर ठेवा आणि लिहून दाखवा. लोडशेडिंगमध्येही हेच होतं. छापता छापता लाइट गेले तर आल्यावर मशीन एकदा चालू करा आणि त्याच्याच बटणाने बंद करा, हेड जागेवर जाईल. बोर्ड त्यानंतर बंद केला तर हरकत नाही.

कोकणातले आमचे पाहुणे म्हणतात, आमच्याकडे शाई सुकत नाही. खरं आहे, दमट हवेत सुकणं कमी. त्यांच्याकडे कागदच ओला होऊन अडकतो, तो वेगळा ताप.

क्लीनिंग : तीनदा, जास्त नाही

क्लीनिंगमध्ये हेडच्या खालची टोपी घट्ट बसते आणि पंप नोझलमधून शाई ओढून काढतो. ती शाई मशीनच्या तळाशी असलेल्या फेल्टच्या पॅडमध्ये जाते. मशीन त्याचाही हिशेब ठेवतं आणि पॅड भरला असं ठरलं की काम थांबवून निरोप दाखवतं. म्हणजे प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि पॅडचं आयुष्यही कमी होतं. "दाबत राहिलो, कधीतरी येईल" असं करणाऱ्यांच्या पॅडचं बिल नंतर मीच बनवतो.

नियम असा ठेवा. एक क्लीनिंग, लगेच एक नोझल चेक, पान जपून ठेवा. असं तीनदा. मग चारही पानं शेजारी-शेजारी मांडा, तारीख घातलेलं पहिलं पानसुद्धा.

गायब तुकडे कमी होत गेले? उपाय लागू पडतोय. दर वेळी नेमके तेच तुकडे त्याच जागी गायब? नोझल सुकून बुजलंय, किंवा मेलंय. दर वेळी वेगळ्या जागचे तुकडे गायब? हे हवेचं लक्षण. नळीत बुडबुडे फिरताहेत. हा फरक समजून घ्या, कारण पुढची वाट इथंच फुटते.

तीनदा करून भागलं नाही तर मशीन त्याच्या बटणाने बंद करा आणि १२ तास हात लावू नका. रात्रीचं केलंत तर सकाळपर्यंत. सुकलेली शाई ताज्या शाईने भिजायला आणि बारीक बुडबुडे वर जायला वेळ लागतो. सकाळी एक नोझल चेक, मग हवं तर एक क्लीनिंग. निम्म्या केसेस इथं सुटतात. लोकांना मात्र हा उपाय वाटतच नाही, कारण यात करायचं काही नसतं.

कार्ट्रिजवाल्यांसाठी

एचपीची ८०३, ६८०, ८०५ किंवा कॅननची पीजी-७४५ यांसारख्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. फायदा असा की काहीही बिघडलं तरी कार्ट्रिज बदललं की नवं हेड मिळालं. म्हणून इथं प्रयोग करायला घाबरू नका.

कार्ट्रिज बाहेर काढा. बशीत टिश्यू पेपरची तीन पदरी घडी ठेवा आणि ती कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओली करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, बॅटरीच्या दुकानात बाटली मिळते. बोअरचं किंवा नळाचं नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतील. नोझलची बाजू खाली करून कार्ट्रिज दोन मिनिटं त्यावर ठेवा, मग कोरड्या टिश्यूवर हलकेच टेकवा. रुंद, सलग काळी पट्टी उमटली तर वाट मोकळी झाली. पट्टी अर्धीच आली तर पुन्हा एकदा. काहीच आलं नाही तर आत शाई नसण्याची शक्यता मोठी. मागच्या बाजूचे तांब्याचे ठिपके चष्म्याच्या किंचित ओल्या कापडाने पुसून वाळू द्या, तिथं शाई साचली तर मशीनला कार्ट्रिज ओळखता येत नाही.

रात्री अकराला फॉर्म छापायचाच आहे आणि काळं मेलंय? बऱ्याच एचपी डेस्कजेटमध्ये काळं कार्ट्रिज बाहेर काढून झाकण लावलं की मशीन एकट्या रंगीत कार्ट्रिजवर चालतं. अक्षरं जरा हिरवट येतील, पण फॉर्म निघेल.

यांची हेडं शाई गरम करून बुडबुड्याच्या जोराने थेंब उडवतात. शाईच नसताना छापत राहिलात तर आतला हीटर जळतो. "संपेपर्यंत काढू" हा हट्ट इथं महाग पडतो.

टाकीवाल्यांसाठी

कॅननच्या जी-मालिकेत आणि एचपीच्या इंक टँकमध्ये हेड निघतं, पण उगाच काढू नका, नळीत हवा जाते. एप्सन आणि ब्रदरची हेडं पिएझोची, म्हणजे विजेने वाकणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्यावर चालणारी, आणि ती मशीनला पक्की बसवलेली असतात.

जागा बदलणारे बुडबुडे असतील, किंवा पान वरून खाली फिकट होत असेल, तर आधी साधी गोष्ट बघा. काही जुन्या मॉडेलांत वाहतुकीसाठी शाई अडवणारी एक खुंटी असते. घर बदलल्यावर ती तशीच राहिली तर शाई पुढे जाणार कशी? ती ठीक असेल तर पॉवर क्लीनिंगचा पर्याय आहे. यात नळीतली बरीच शाई एकदम ओढली जाते. सगळ्या टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नुसती काळी भरून चालत नाही. दोन वेळांमध्ये १२ तास हवेत. मी दोनपेक्षा जास्त कधीच करत नाही.

तुकडे त्याच जागी गायब असतील तर टोपीकडे वळा. मशीन चालू करा, हेड डावीकडे सरकताच बोर्डावरून बंद करा. बोर्डाचं बटण वापरायची परवानगी एवढ्यापुरतीच! प्लग काढून ठेवा. आता उजवीकडे रबरी कडेची स्पंज घातलेली टोपी दिसेल. इअरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून रबराची कड पुसा. त्यावर एखादा केस किंवा सुकलेली शाई असली तर टोपी हवाबंद बसत नाही, पंप ओढतो ती बाहेरची हवा. मग ड्रॉपरने स्पंजवर पाणी सोडा, स्पंज भिजेल पण कडेवरून ओघळणार नाही एवढंच. हेड हलक्या हाताने परत उजवीकडे सरकवा. ते जोर लावल्याशिवाय हललं नाही तर सोडून द्या. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चालू करून एक क्लीनिंग, एक नोझल चेक. नंतर पुन्हा टोपी बघा. पाणी तसंच तुंबलेलं असेल तर दोष हेडचा नाही, पंप किंवा त्याची नळी ओढत नाही. मेकॅनिकला हेच वाक्य सांगा, तुमचं हेड बदलायचा खर्च वाचू शकतो.

सुई, टाचणी, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही नोझलजवळ नेऊ नका. इंजेक्शनच्या सिरिंजने हेडमध्ये पाणी दाबायचे व्हिडिओ भरपूर आहेत. जोर जास्त झाला की आतले पडदे फुटतात आणि रंग एकमेकांत मिसळतात. ते मग कुणाच्याच हातचं राहत नाही.

इथं थांबा

हेडकडे जाणाऱ्या पांढऱ्या चपट्या केबलवर पाणी किंवा शाई सांडली, किंवा जळका वास आला, तर प्लग काढा आणि पुन्हा चालू करूनच बघू नका. हेडबरोबर मशीनच्या आतला मेन बोर्डही जातो. हेड सरकताना कर्कश आवाज येत असेल तर थांबा. पॅड भरल्याचा निरोप आला तर नेटवरून कुठलं तरी रिसेट सॉफ्टवेअर उतरवू नका. आकडा शून्य होतो, पॅड मात्र भरलेलाच राहतो आणि शाई टेबलावर येते. शिवाय त्या फायलींमध्ये व्हायरस नेहमीचेच. दोन पॉवर क्लीनिंग आणि रात्रभर भिजवूनही काळ्याची एक रेघसुद्धा उमटत नसेल तर हेड किंवा मेन बोर्ड तपासायला मीटर लागतो, इअरबड नाही.

मेकॅनिकने हेड बदलायला सांगितलं तर आधी नव्या प्रिंटरची किंमत विचारा. टाकीच्या प्रिंटरला हेडचा खर्च पुष्कळदा इतका येतो की चार-पाच वर्षं जुन्या मशीनवर तो घालणं मला पटत नाही. मी गिऱ्हाइकाला तसं सांगतो, दुकानाचं नुकसान झालं तरी.

दाखवायला आणाल तेव्हा नोझल चेकची सगळी पानं, पॉवर केबल आणि शाईची रिकामी बाटली घेऊन या. टाक्यांची झाकणं घट्ट लावा. स्कूटरवर पुढे पायांत तिरका कोंबून आणू नका, मागे कुणाला तरी बसवा आणि मांडीवर सपाट धरायला सांगा. गेल्या जूनमध्ये एक काका एकटेच आले, मशीन उभं करून पिशवीत घातलेलं. काळं का येत नाही ते त्यांच्या पांढऱ्या पायजम्याकडे बघून लगेच कळलं.